अंगणात आगगाडी घालायची तर

वाचकहो, आमच्या जुन्नर तालुक्यात रेल्वेचं एकही स्टेशन नाही. कल्याणहून निघालेली गाडी माळशेज घाट चढून आमच्या भागातून नगरला जाणार, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. निवेदनं झाली, सभा झाल्या, सर्वेक्षणंही झाली. पण रूळ काही घाटाच्या वर आला नाही. अशा मढ गावात आमच्या अंगणात गेली दोन वर्षं आगगाडी धावते आहे, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. गावानंही आधी हसूनच घेतलं.

ही गाडी वीतभरही उंच नाही. तिच्या दोन रुळांमध्ये दोन बोटं मावतात. तुळशीवृंदावनाला आणि शेवग्याच्या झाडाला वळसा घालून ती परत येते. शेजारच्या आजी पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नाना, समदं खरं, पर यातनं पिकनार काय?" प्रश्न रास्त होता. शेतकऱ्याच्या घरात ज्याला जागा लागते, पैसा लागतो आणि वेळ लागतो, त्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचं उत्तर मी शेवटी देतो. आधी ही गाडी कशी घालायची ते सांगतो, कारण मुलांना घेऊन असं काही करावं असं तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात येईल, आणि मग सुरुवात कुठून करायची इथेच गाडी अडेल.

मी तीस वर्षं मुंबईत डबे पोचवले. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ इकडची पुष्कळ मंडळी त्या धंद्यात आहेत, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तेव्हा लोकलच्या मालडब्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पण रुळावर उभं राहणं वेगळं आणि रूळ घालणं वेगळं. रूळ घालायला मला जे उपयोगी पडलं ते मुंबईचं नव्हे, भाताच्या खाचरातलं शहाणपण. म्हणून म्हणतो, हे काम शहरातल्या माणसापेक्षा शेतकऱ्याला अधिक सोपं आहे.

अंगणातल्या किंवा बागेतल्या रेल्वेचा छंद युरोपात जुना. जर्मनीतल्या लेमान कंपनीनं १९६८ साली ४५ मिलिमीटर गेजची, पावसापाण्यात बाहेर राहू शकेल अशी गाडी बाजारात आणली आणि तिथल्या घरोघरच्या बागांत रूळ पसरले. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलं, ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. तिथं सिग्नल, पूल, स्टेशनं असं अख्खं गावच आहे. नातवंडांना घेऊन जाऊन पाहावं असंच ते आहे. पण ते छपराखालचं काम. परदेशी इंजिनांच्या किमती तर आपल्या आवाक्याबाहेरच्या. आपल्याला उघड्यावरची, मुरमाच्या अंगणातली आणि एका करडाच्या किमतीत बसणारी गाडी हवी.

तेव्हा पहिला प्रश्न, नक्कल कुठल्या गाडीची करायची? मुलं म्हणतील एक्स्प्रेसची. इथं थोडं गणित करा. आपल्या मोठ्या रेल्वेचं गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर आहे. ते ४५ मिलिमीटरवर आणायचं तर सगळंच साधारण ३७ पट लहान करावं लागतं. मोठ्या गाडीचा जुन्या पद्धतीचा डबा २१ मीटरहून थोडा लांब असतो; तो ३७ पट लहान केला तरी पावणेदोन फुटांहून लांबच राहतो. असे चार डबे जोडले की गाडी अंगणभर झाली, आणि तिला वळायला खळ्याएवढी जागा हवी.

त्याऐवजी माथेरानची गाडी घ्या. आदमजी पीरभॉय यांच्या पैशानं बांधलेली नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तिचं गेज फक्त दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. डबे आखूड, वळणं तीव्र, वेग बैलगाडीपेक्षा थोडाच जास्त. ६१० ला १९ नं भागलं की ३२ येतात. म्हणजे ३२ मिलिमीटरचं गेज धरलं की सगळी गाडी १९ पट लहान करायची. हे प्रमाण आमच्या नातीनं पाटीवर मांडलं तेव्हा ती चौथीत होती. भागाकार तिला शाळेतच शिकवला होता; पण भागाकारानं गाडी होते हे तिला त्या दिवशी कळलं.

आता जमीन. बहुतेक लोक आधी इंजिनाच्या मागे लागतात. तुम्ही इंजिनाचं नाव काढू नका. आधी पाण्याचा विचार करा. आमच्याकडे पाऊस कसा कोसळतो ते माळशेज उतरलेल्यांना सांगायला नको. माथेरानच्याच गाडीचं पाहा. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत तिचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडलं. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच झालं आणि नेरळहून गाडी सुटायला २०२२ चा ऑक्टोबर यावा लागला. दोन्ही वेळी इंजिनात काही बिघाड नव्हता. पाण्यानं वाट मागितली होती.

म्हणून एक दिवस भर पावसात ओटीवर बसून अंगण नुसतं पाहा. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठून पळतं, हे मुलांना कागदावर काढायला सांगा. तोच तुमचा पहिला नकाशा. पाणी जिथून ओढीनं जातं तिथं रूळ आडवा घालायचा असेल तर खाली मोरी ठेवायची. पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा तिला पुरतो.

मग आखणी. मध्ये एक खुंटी ठोका. तिला १ मीटर २० सेंटिमीटरची दोरी बांधून दुसऱ्या टोकानं वर्तुळ ओढा. ही तुमची पहिली लाइन. तिचा घेर साडेसात मीटर होतो. पहिल्या वर्षी एवढंच वर्तुळ पुरे. पुढं ते मधोमध तोडून सरळ तुकडे घातले की लांबट होतं. वर्तुळावर दर अर्ध्या मीटरला एक खुंटी ठोका आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्यानं भरून घ्या. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक पहिल्या खुंटीशी धरा, दुसरं पुढच्या खुंटीशी. दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं की खुणा करा. अशा खुणा करत फिरून पहिल्या खुंटीवर आलात आणि खूण खुणेला मिळाली, तर तुमची पातळी बरोबर.

खुणा पाहिल्यावर लक्षात येईल की सपाट वाटणारं अंगण मुळीच सपाट नसतं. आमच्यात एका बाजूला हातभराचा उतार निघाला. तिथं डोंगरातल्या आपल्या माणसांची आठवण ठेवायची. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी गावांत पडकई करून उतारावर खाचरं पाडतात. सगळे मिळून वरची बाजू खोदतात, ती माती खाली भरतात आणि पुढं दगडाची ताल लावतात. रेल्वेचा इंजिनिअर तेच करतो. तो फक्त खोदाई आणि भराव म्हणतो. आम्हीही वरच्या अंगानं खोदलं, खालच्या अंगाला दगड लावून भरलं. बाहेरून माती आणावी लागली नाही.

चढ ठेवू नये असं नाही, पण पहिलं वर्तुळ सपाटच असू द्या. पुढं चढ द्यायचा तर मीटरला दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटात ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे, म्हणजे मीटरला पावणेतीन सेंटिमीटर. तेवढ्यासाठी गाडीला मागून इंजिनं लावून ढकलावं लागतं. माथेरानला २० ला एक, म्हणजे मीटरला पाच. आपलं इंजिन तळहाताएवढं, त्याच्याकडून मेहनत बेतानं घ्यावी.

आखणी झाली की वर्तुळाच्या रेषेवर वीतभर रुंद आणि चार बोटं खोल चर काढा. त्यात मुरूम भरून, पाणी मारून, धुमसानं ठोका आणि अंगणापेक्षा चार बोटं उंच बांध तयार करा. त्यावर रूळ घालण्याआधी एक पावसाळा तो तसाच राहू द्या. मोठ्या रेल्वेचे मातीचे भरावसुद्धा पूर्वी असेच पावसाळा काढून बसू दिले जात. भराव बसायचा तेवढा बसतो आणि पाणी कुठं घुसतं ते दिसतं. मुलांना हे थांबणं जड जातं. आमच्या नातीलाही गेलं. त्या जूनमध्ये तिला पाचवीसाठी तिचे आईवडील मुंबईला घेऊन गेले. बांध तयार, रूळ नाही, आणि पोर भांडुपला. जाताना ती आमच्यापैकी कुणाशी बोलली नाही.

दिवाळीच्या आसपास पाऊस सरला की रुळांचं काम काढा. रुळांसाठी हार्डवेअरच्या दुकानात १० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशी ॲल्युमिनियमची चपटी पट्टी मिळते. आपल्या वर्तुळाला दोन रुळांची मिळून १५ मीटर लागते, १६ आणा. स्लीपरांसाठी सुताराकडून सागाच्या नाराचे तुकडे मागून घ्या. युक्ती अशी. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ९ सेंटिमीटर लांब असा फळीचा तुकडा घ्या. त्यावर रेषांना आडव्या दोन खाचा पाडा, ३ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर खोल, दोन्हींच्या मध्ये बरोबर ३२ मिलिमीटर. मग तो तुकडा रेषांच्या दिशेनं दीड-दीड सेंटिमीटरवर चिरा. वीतभर रुंद फळीतून एका वेळी दहा-अकरा स्लीपर निघतात आणि सगळ्यांचं माप एकच राहतं, कारण खाच एकदाच पाडली. दर पाच सेंटिमीटरला एक धरला तर दीडशे स्लीपर पुरतात. वाळवीसाठी त्यांना गाडीचं जुनं काळं तेल पाजा. मात्र ते हातमोजे घालून मोठ्यांनी करायचं, मुलांनी नाही.

पट्टी खाचांत उभी बसवून लाकडी हातोडीनं हलके ठोकली की रूळ तयार. हातानं वळवली की ती वर्तुळाला धरून वळते. फक्त उन्हाचा हिशेब विसरू नका. तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी चाळीस अंशांच्या फरकानं जवळजवळ तीन मिलिमीटर वाढते. आमच्याकडे पौषातल्या पहाटेत आणि वैशाखातल्या दुपारच्या तापलेल्या धातूत तेवढा फरक सहज पडतो. थंडीत सकाळी रूळ घालत असाल तर दर जोडाला तीन मिलिमीटर फट ठेवा. लोकलमध्ये खडखड आवाज यायचा तो अशाच फटींचा. फट ठेवली नाही तर वैशाखात रूळ सापासारखा वळवळतो.

स्लीपरांच्या मध्ये आणि बाजूनं खडी घाला, पण नदीतली गोल वाळू नको. क्रशरवरची बारीक, टोकदार कच आणा. गोल खडे एकमेकांवरून घरंगळतात, टोकदार खडे एकमेकांत अडकून बसतात आणि मधून पाणी जाऊ देतात. तालीला आपण गोटे न लावता फाडी दगड लावतो, त्यातलंच हे.

आता चाकं. इथं मुलांना एक गंमत दाखवा. चहाचे दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा. दोन काठ्या शेजारी शेजारी थोड्या उतरत्या ठेवा आणि त्यांवरून ते पेले घरंगळत सोडा. थोडे तिरपे सोडले तरी ते स्वतःच मध्ये येतात आणि शेवटपर्यंत जातात. मग दुसरे दोन पेले बुडाला बूड लावून चिकटवा आणि सोडा. हातभर जायच्या आत ते खाली पडतात. आगगाडीचं चाक पहिल्या पेल्यांसारखं असतं, आतल्या बाजूला किंचित मोठं, बाहेर निमुळतं. बैलगाडीची दोन चाकं आसावर सुटी फिरतात, म्हणून वळताना बाहेरचं चाक जास्त फिरू शकतं. आगगाडीची दोन्ही चाकं आसाला घट्ट बसवलेली असतात. वळणावर गाडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर, आणि जोडी आपोआप वळते. आतल्या कडेची उभी कोर ही शेवटचा आधार आहे, रोजचं काम तो निमुळतेपणा करतो. तीस वर्षं त्या चाकांवरून गेलो आणि हे मला पेल्यांनी सांगितलं.

चाकं लेथवाल्याकडून करून घ्या. व्यास २५ मिलिमीटर, आणि एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर २८ मिलिमीटर. हे माप कागदावर लिहून द्या आणि परत आल्यावर मोजून घ्या. आधी चार चाकांची एक उघडी वाघीण बनवा आणि हातानं ढकला. ती पूर्ण फेरी न पडता आली की मगच इंजिन. जिथं पडते तिथं खडी चाचपा, पातळी पुन्हा धरा.

इंजिनाला विजेचा प्रवाह रुळांतून द्यायच्या भानगडीत पडू नका; पावसाधुळीत ते टिकत नाही. चार्ज होणारे सेल आणि गिअरची छोटी मोटार इंजिनाच्या पोटातच बसवा. माथेरानची गाडी ताशी २० किलोमीटरच्या आत चालते. तिला १९ नं भागलं की मिनिटाला साधारण साडेसतरा मीटर होतात. पंचवीस मिलिमीटरच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला दोनशेवीसच्या आसपास फेरे लागतात, तेवढ्याच वेगाची मोटार मागा. साडेसात मीटरची फेरी मग सव्वीस सेकंदांत होते. ह्याहून वेगात पळवली तर ती खेळणं दिसते; ह्या वेगात ती गाडी दिसते.

आता त्या आजींचा प्रश्न. यातनं पिकणार काय?

पैशाचं म्हणाल तर काहीच नाही, आणि म्हणून कर्ज काढून किंवा बियाण्याचे पैसे मोडून हे करू नये. दर हंगामाला थोडं करावं. पण दुसरं एक पीक आलं ते सांगतो. मुंबईला गेलेली नात आधी फोनवर यायलाच तयार नसे. जुलैत एका रात्री धो धो कोसळलं आणि सकाळी तिचाच फोन आला. "नाना, किती पडला? मोरी तुंबली का?" मी जाऊन पाहिलं. शेवग्याच्या बाजूला बांध दोन बोटं बसला होता, बाकी शाबूत होता. तिला तसं सांगितलं. तिनं विचारलं, खाचरात पाणी किती आहे, आवण लावून झाली का, तालीचा दगड कुठं सुटला का. पुढं दर पावसाला तिचा फोन ठरलेला.

वाचकहो, मी मुंबईत असताना गावाचा पाऊस विचारायचो, कारण माझं पोट इथल्या भातावर होतं. आमच्या मुलांचं पोट आता इथल्या भातावर नाही. त्यांनी पाऊस का विचारावा? घराघरांतून पोरं शहरात जातात, त्यात गैर काही नाही. मीही गेलो होतो. पण मागं त्यांनी स्वतःच्या हातानं मोजलेलं, खोदलेलं, अर्धवट राहिलेलं काहीतरी असावं. त्याची काळजी त्यांना राहते, आणि ती काळजी बांधापुरती राहत नाही, खाचरापर्यंत जाते. दिवाळीत नात आली ती पिशवी ओटीवर टाकून थेट बांधाकडे गेली, आणि बसलेल्या जागी मुरूम भरायला घमेलं घेऊन उभी राहिली. यंदा तिनं त्याच नळीनं खालच्या खाचराच्या पाटाची पातळी धरून दिली. पाणी वरच्या कोपऱ्याला पोचत नव्हतं, आता पोचतं. एवढं त्या आजींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग ठीक हाय."

तुमच्याकडे गाडी करायची नसेल तर नका करू; पाणचक्की करा, छोटा बंधारा करा. पण गाडीच करायची ठरली तर आत्ता पैसे खर्चू नका. झोडणी आटोपली, खळं रिकामं झालं, की मुलांच्या हातात खुंटी आणि दोरी द्या आणि वर्तुळ त्यांना ओढू द्या. पातळी धरायला एक जण नळीच्या त्या टोकाला लागतोच. ते टोक मुलाकडे द्या, आणि पाणी स्थिर होईपर्यंत दोघांनीही गप्प उभं राहा.